मारुतीभाऊंना तेलुगू येत नव्हतं

तळेगाव स्टेशनजवळच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात मारुतीभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना विमा एजंट समजले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, काखेत रेक्झिनची पिशवी. विमावाल्यांना मी तोंड उघडायच्या आतच नाही म्हणून टाकते. म्हटलं, "आमच्या घरात सगळ्यांचा विमा उतरवलेला आहे." तर म्हणाले, "आसू द्या की. मला बातमी टाइप करून पाहिजे." आणि काउंटरवर शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा ठेवला.

त्यानंतर तेरा-चौदा वर्षं तो माणूस आठवड्यातून चार वेळा माझ्या डोक्याशी होता. पुण्याच्या एका दैनिकाचे ते आमच्या भागातले वार्ताहर. गाव नवलाख उंबरे. अक्षर मोत्यासारखं, पण कॉम्प्युटरच्या वाटेला जायचे नाहीत. ते सांगणार, मी टाइप करणार आणि पाठवणार. मी मूळची तापट. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, शाळेची पोरं प्रोजेक्टचे कागद घेऊन गलका करतायत आणि हे माझ्या कानाशी, "सुरेखा, 'संपन्न झाला' नको लिहू, 'झाला' लिही. संपन्न कोन हितं?" कितीदा वाटायचं की ती पिशवी रस्त्यावर भिरकावून द्यावी. आज दुकानात पाच मिनिटं शांतता झाली तर मीच दाराकडे बघते.

चिक्कीमागे त्यांची लबाडी होती, ती मला उशिरा कळली. लोणावळ्याला त्यांचा मेहुणा चिक्कीच्या कारखान्यात भट्टीवर होता, तो चुरा आणि मोडके तुकडे द्यायचा. ते तुकडे भाऊंच्या पिशवीत कायम. कुणाला बातमी वाचून दाखवायची असली की आधी चिक्की हातावर ठेवायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दात चिकटले की मानूस मधी बोलत न्हाई. पुरतं ऐकून घेतो." सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापिका, सगळ्यांना त्यांनी असंच गप्प बसवलं होतं.

आता हे वाचून दाखवणं काय, ते सांगते, कारण त्याच्याशिवाय मारुतीभाऊ सांगताच यायचे नाहीत. त्यांचा नियम होता: ज्याची बातमी, त्याच्या कानावर आधी. बातमी लिहून झाली की ज्याच्याबद्दल आहे त्याच्या घरी जायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची. बाजूचा असो की विरुद्ध. तो म्हणाला, हे चूक आहे, तर तपासायचं. ज्याच्यावर आधीच अन्याय झालाय तो म्हणाला, छापू नका, तर छापायची नाही. अन्याय करणारा म्हणाला छापू नका, तर त्याचं म्हणणं त्याच बातमीत घालायचं आणि तेही त्याला वाचून दाखवायचं. मी कपाळाला हात लावायचे. म्हटलं, "भाऊ, ही बातमी आहे की लग्नाची याद, दोन्हीकडच्यांना वाचून दाखवायला?"

यातनं काय व्हायचं ते ऐका. वराळ्यात दोन चुलतभावांचं बांधावरनं वाजलं. कुऱ्हाडी निघाल्या, झकास बातमी. भाऊ मोठ्याकडे गेले, वाचली. त्यानं चार गोष्टी सांगितल्या. त्या घालून धाकट्याकडे गेले, वाचली. त्यानं सहा सांगितल्या. असं तीन फेऱ्या. चौथ्या खेपेला दोघं एकाच ओट्यावर चहा पीत बसलेले. स्वतःचंच भांडण कागदावरनं ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटली. भाऊ तोंड पाडून दुकानात आले. "सुरेखा, बातमी मेली."

पुण्याहून उपसंपादकाचा फोन यायचा, "तुमच्या भागात काही घडत नाही का हो?"

"घडतं की साहेब. पन वाचून दावलं की मिटतं."

हे खूळ आलं कुठून? एका सिनेमातून. आणि तोही तेलुगू. वराळ्यात चाळीच्या खोल्यांमधून आंध्र-तेलंगणातले वेल्डर-फिटर राहायचे, एमआयडीसीत कामाला. आपला पाडवा तोच त्यांचा उगादी. एका पाडव्याला त्यांनी संध्याकाळी गच्चीवर पांढरी चादर बांधून त्यांच्याकडचा हाणामारीचा सिनेमा लावला आणि भाऊ बातमी करायला म्हणून गेले ते शेवटपर्यंत बसले. सिनेमाचा हिरो पत्रकार! पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. एक लाथ मारली की जीप उलटी. शेजारी यादगिरी नावाचा वेल्डर बसला होता, त्याचं हिंदी "ये अच्छा आदमी, वो खराब आदमी" एवढंच. बाकी सगळं भाऊंनी डोळ्यांनी बघून ठरवलं.

त्यातला एक प्रसंग ते मला महिन्यातनं एकदा तरी ऐकवायचे. हिरो एका म्हातारीच्या दारात बसतो. खिशातनं कागद काढतो, तिला वाचून दाखवतो. म्हातारी ऐकते, डोळे पुसते, मान हलवते, त्याच्या गालावरनं हात फिरवते. "मंग मधी एक गानं हाय, ते उगाच घातलंय. आन् गानं सपलं की पेपर छापून भराभरा बाहेर पडत्यात. बग, म्हातारी व्हय म्हनली तवाच मशिन सुरू झाली! पत्रकार आसावा तर आसा. मारामारी काय, ती कुनीबी करंल."

लाल पेन त्यांनी दुसऱ्या दिवशीच घेतलं. ते कधी उघडलं नाही, नुसतं खिशाला. मी चिडवायचे, "भाऊ, जीप कधी उलटवताय?" ते हसायचे. देह म्हणाल तर वाऱ्यानं डुलेल असा, आणि लूना चढाला ढकलत न्यायचे.

त्या नियमात त्यांच्या हातून एकदाच चूक झाली. ती टाइप मीच केली, म्हणून ती माझीही.

पावसाळ्याच्या तोंडचे दिवस होते. भाऊ घाईत, मेहुण्याच्या मुलीचं लग्न. पोलिसांकडून कागद आलेला, त्याच्यावरनं त्यांनी उभ्या-उभ्या दोन ओळी सांगितल्या: एमआयडीसीतील एका कंपनीत चोरीच्या उद्देशाने शिरलेला इसम शेडवरून पडून मरण पावला. नाव सोमा, वय तीसच्या आसपास, राहणार वरची वाडी. मी म्हटलं, "हे कुणाला वाचून दाखवायचं नाही का?" तसं मी टोमण्यानंच म्हटलं होतं. ते म्हणाले, "मेलेल्याला काय वाचून दावू? पाठव." मी पाठवली.

तीन आठवड्यांनी दुकानात एक बाई आली. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, डोंगर उतरून चालत आलेली. ठाकराची बाई, अंगानं काटकुळी, नजर मात्र अशी रोखलेली की मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतनं तिनं कात्रण काढलं. भाऊ नेमके स्टुलावर बसलेले.

"ह्ये तुमी लिवलं का?"

भाऊंनी वाचलं. "व्हय."

"काय लिवलंय, वाचून दावा. मला येत न्हाई. लोक सांगत्यात त्ये मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तेरा वर्षांत मी भाऊंना अडखळताना त्या एकाच वेळी ऐकलं. दोन ओळी वाचायला त्यांना किती वेळ लागला! 'चोरीच्या' या शब्दाशी तर दोनदा थांबले. बाईनं पुरतं ऐकून घेतलं.

"माझा मालक चोरी कराया न्हवता ग्येला," ती म्हणाली. "ठेकेदारानं पत्रं ठोकाया वर चढिवला व्हता. तीन हप्ते कामाला जात व्हता त्यो. पोरगी आश्रमशाळेत हाय. तिला पोरी चोराची म्हनत्यात. ती जेवत न्हाई."

बाईचं नाव चांगुणा. तिला काही मागायचं नव्हतं. तो शब्द नवऱ्याच्या नावावरनं निघावा, एवढंच तिला हवं होतं. तिला चहा दिला, तो ती प्यायली नाही. भाऊ तिला सोडायला लूना ढकलत डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेले.

मग त्यांनी जे केलं त्याला कुठल्या सिनेमात जागा मिळणार नाही, इतकं ते कंटाळवाणं होतं. रोज सकाळची पाळी भरायच्या वेळी कंपनीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. बस्स. आठ दिवस, पंधरा दिवस. येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम, चिक्की. गेटवरचा वॉचमन पहिल्यांदा हाकलायचा, मग बसायला खुर्ची द्यायला लागला. एक दिवस त्यानं गेटचं रजिस्टर काढलं, सोमाच्या अंगठ्यांचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि "मी जरा पानी पिऊन येतो" म्हणून निघून गेला. एकोणीस दिवसांचे एकोणीस अंगठे. भाऊंनी फोटो काढले. दुकानात येऊन त्यांनी तो मोबाइल माझ्यापुढे धरला.

बातमी झाली. काय बातमी होती! मी टाइप करता करता दोनदा थांबले. पुण्याहून फोन आला, पहिलं पान देतो, आज पाठवा. भाऊ म्हणाले, "आधी वाडीवर जाऊन येतो."

संध्याकाळी परत आले, पिशवी ठेवली. "नगं म्हनली."

"काय?"

"तिचा दीर त्याच ठेकेदाराकडं हाय. वाडीतली आठ घरं त्याच्यावर चालत्यात. बातमी आली की आठीच्या आठी घरी बसतील. म्हनली, आता नगं. मी सांगते तवा."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. म्हटलं, हा काय भातुकलीचा खेळ आहे? पुरावा आहे, पहिलं पान आहे, तुमची स्वतःची चूक धुऊन निघतेय! दुसऱ्या कुणी छापली तर? ती पोरगी तिकडे जेवत नाही, त्याचं काय? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एकदा तिला न इचारता छापलंय, सुरेखा. आता दुसऱ्यांदा न इचारता छापू का?"

पुण्याच्या साहेबांनी फोनवर काय सुनावलं ते मला पलीकडून ऐकू येत होतं. बातमी माझ्या कॉम्प्युटरवर 'वरची वाडी' नावानं पडून राहिली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. भाऊंना दुसऱ्या पेपरचे लोक चहाच्या टपरीवर 'वाचनालय' म्हणून हाक मारायचे. ते चिक्की पुढे करायचे.

होळी झाली आणि चांगुणा आली. एकटी नाही, बरोबर चार बायका. दारातूनच म्हणाली, "आता छापा."

भाऊंनी विचारलं, "आन् आठ घरांचं काय?"

तर ती काय म्हणाली! भाऊंनी तिला ती बातमी तीनदा वाचून दाखवली होती. बाईला अक्षर येत नव्हतं, पण तिला ती पहिल्या ओळीपासून तोंडपाठ होती. जात्यावरची ओवी पाठ असावी तशी. सबंध हिवाळा ती एकेका घरी गेली, चुलीपुढे बसली, आणि ती बातमी म्हणून दाखवली. त्या घरचा बाप्या, बाई, म्हातारं, सगळ्यांच्या समोर. आणि विचारलं, छापू का? "दोन घरं न्हाई म्हनत व्हती. त्यास्नी चारदा म्हनून दावली. आता आठीच्या आठी व्हय म्हनल्यात. काम जाईल त्ये जाईल."

आणि तिथं, माझ्या दुकानात, ती परत सगळी म्हणाली. मी कॉम्प्युटरवर फाइल उघडून डोळ्यांनी पडताळत होते. एक वाक्य चुकलं नाही. भाऊंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

आता भाऊंनी पिशवी उचलली. मला कळलं कुठं निघाले ते. "भाऊ, ठेकेदाराला नका वाचून दाखवू. हात जोडते."

"बातमी त्याची बी हाय," ते म्हणाले.

पुढचं मला त्या वॉचमननं सांगितलं. ठेकेदाराची पत्र्याची केबिन. भाऊ आत गेले, चिक्की ठेवली, वाचायला लागले. त्या माणसानं चिक्कीला हात लावला नाही. अर्ध्यावर उठून त्यानं भाऊंच्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा केबिनबाहेर येऊन पडला. भाऊ खाली बसले. मग उठले, बाहेर आले, चष्मा शोधला, एक काच गेलेली. परत आत गेले आणि म्हणाले, "एक परिच्छेद ऱ्हायलाय." आणि वाचला. ठेकेदार संतापानं लाल. ओरडला, "हो, मीच चढवला त्याला वर! दोरी नव्हती त्याला मी काय करू? पत्रे कोण तुझा बाप ठोकणार होता?" दारात वॉचमन आणि चार कामगार उभे. भाऊंनी खिशातलं निळं पेन काढलं. ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आणि म्हणाले, "ह्ये बी वाचून दावतो, बरूबर हाय का बगा."

दुकानात आले तेव्हा गाल सुजलेला, एका डोळ्यापुढे काच नाही. मी रडायलाच लागले. ते म्हणाले, "आगं, पिच्चरमदी तर पन्नास जण असत्यात. मला तर एकच भेटला." मग स्टुलावर बसून त्यांनी बातमीची पहिली ओळ बदलून सांगितली: 'सोमा याच्याबद्दल आम्ही आधी दिलेली बातमी चुकीची होती.' पुण्याचे साहेब म्हणाले, असं कोणी लिहितं का, ही ओळ काढा. भाऊ म्हणाले, ओळ निघाली तर बातमीच काढा.

छापून आली. ठेकेदारानं आठही जणांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं, चांगुणानं म्हटलं होतं तसंच. पाच जणांना पुढं कंपनीनं दुसऱ्या ठेकेदारामार्फत घेतलं, तिघं बांधकामावर गेले, ते अजून तिथंच आहेत. कामगार खात्याचे साहेब येऊन गेले, चौकशी झाली, आणि सरकारी कागदावर सोमा 'कामगार' झाला. तो कागद आणि ते पेपरचं पान घेऊन भाऊ स्वतः आश्रमशाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्या पोरींसमोर बातमी वाचली. सोमाच्या पोरीला त्यांनी आधी बाजूला घेऊन विचारलं होतं, वाचू का म्हणून. ती व्हय म्हणाली, तेव्हाच वाचली.

आणि आता त्या सिनेमाचं. एका रविवारी दुपारी मी घरी टीव्हीपुढे कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. हिंदीत डब केलेला कुठलासा साउथचा सिनेमा लागलेला. जीप उलटली, आणि माझ्या लक्षात आलं: लाल पेन! हाच तो. हातातलं काम टाकून बघत बसले. म्हातारी आली. हिरो दारात बसला, कागद काढला. मी जीव कानात आणून ऐकते तर काय! तो कागद म्हणजे बातमी नव्हतीच. ती म्हातारी त्याची आजी, आणि कागदावर त्याच्या लग्नाचं स्थळ! मुलगी विशाखापट्टणमची, शिकलेली, गोरी. म्हणून म्हातारी रडते, म्हणून मान हलवते आणि म्हणून पुढं गाणं. अडीच तासांत त्या पत्रकारानं एक ओळ लिहिली असेल तर शपथ.

मी हसून हसून लोळले. मग मनात आलं, हे भाऊंना कसं सांगायचं? सोमवारी ते आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "काय गं, गप का?" माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. त्या दिवसापासून मी जीपवरनं चिडवणं बंद केलं.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली. दवाखाने झाले, घरी आणलं. एक दिवस निरोप आला, सुरेखाला बोलवा, लिहायचं सामान घेऊन. मी नवलाख उंबऱ्याला गेले. पडवीत खाटेवर उशाला टेकून बसलेले, अंगात तोच पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला पाणी दिलं आणि आत जाऊन डोळ्याला पदर लावला.

"माझी बातमी लिवली का?"

"कसली बातमी?"

"निधनाची. मी गेल्यावर तू लिवशील आन् कुनाला वाचून दावशील? एकदा आसं झालंय आपल्याकडनं. लिव आताच."

मी नाही म्हणाले, भांडले, रडले. शेवटी लिहिली. त्यांनी चिक्कीचा तुकडा मागून घेतला. "मला दे. मंजे मी मधी बोलनार न्हाई." चावायला दात कुठं होते, नुसता मुठीत धरून बसले, आणि मी वाचायला लागले तर दर ओळीला बोलायचे. 'ज्येष्ठ' काढ. 'झुंजार' काढ, मी कुनाशी झुंजलो? 'पोकळी' तर आधी काढ. चार ओळी उरल्या. त्यात मी लिहिलं होतं, बातमी आधी वाचून दाखवण्याची पद्धत त्यांनी एका तेलुगू सिनेमातील पत्रकारापासून घेतली होती.

"ह्ये चूक हाय," भाऊ म्हणाले.

मी कागदावरनं मान वर केली.

"त्यो बातमी न्हाई वाचत म्हातारीला. पोरीचं स्थळ वाचतो. मी बगितला हिंदीतनं. मेहुन्याकडं, लय वर्सं झाली."

"भाऊ! मग बोलला नाहीत कधी?"

"तू बी कुटं बोललीस? एका सोमवारी तोंड शिवून बसली व्हतीस, तवाच वळखलं मी, हिनं बगितला." आणि असे हसले की खोकल्याची उबळ आली. काकू पाणी घेऊन धावल्या. उबळ ओसरल्यावर म्हणाले, "लिव, त्याला तेलुगू येत न्हवतं. बरं झालं न्हवतं येत ते."

मग त्यांनी आणखी एक ओळ सांगितली. ती मी लिहीत नव्हते, म्हणून तीनदा सांगितली: वरच्या वाडीच्या सोमाची बातमी त्यांनी एकदा वाचून न दाखवता दिली होती आणि ती खोटी होती. "ह्ये ऱ्हायलंच पाहिजे. आन् ह्यात सोमाचं नाव हाय. तवा चांगुणाला आधी वाचून दाव, मगच पाठव." खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. मी निघाले. फाटकापाशी वळून बघितलं तर मूठ वर करून ते मला चिक्की दाखवत होते. ते त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन.

आठवड्याभरात गेले. तिसऱ्या दिवशी मी डोंगर चढून वाडीवर गेले. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला होता, बातमी शिळी होतेय म्हणून. होऊ दे म्हटलं. चांगुणा अंगणात नाचणी पाखडत होती. तिला कळलेलं होतंच. मी जोत्यावर बसले, तिच्या हातावर चिक्की ठेवली आणि बातमी वाचली. तिनं चिक्की तोंडात टाकली नाही. शेवटची ओळ संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा."

परत वाचली.

"ती शेवटची काडा," ती म्हणाली.

"चांगुणाबाई, त्यांनी मुद्दाम घालायला सांगितलीय. राहिलीच पाहिजे म्हणाले."

"त्यात माझ्या मालकाचं नाव हाय ना?"

"आहे."

"मंग ती माझी बी बातमी हाय. मी म्हनते छापू नगा." सूप बाजूला ठेवून तिनं पदराला हात पुसले. "त्यांनी म्या नगं म्हनले तवा पावसाळ्यापास्नं होळीपतुर दम धरला. आता ते न्हाईत, म्हनून ऐकायचं न्हाई का माजं? काडा."

भाऊ असते तर काय म्हणाले असते, ते मला ऐकूच आलं. मी पिशवीतनं लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओळीवर ओढलं. उमटेना. इतकी वर्षं नुसतं खिशाला, पार वाळून गेलं होतं. मग माझ्या निळ्या पेनानं ती ओळ खोडली, चांगुणाच्या देखत, आणि उरलेलं तिला परत एकदा पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मग चिक्की तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: मारुती, राहणार नवलाख उंबरे, वार्ताहर. ज्याची बातमी, त्याला ते आधी वाचून दाखवत. ही पद्धत आपण एका तेलुगू सिनेमातून घेतली, असे ते सांगत. त्यांना तेलुगू येत नव्हतं.